नाद लाकडाचा की वेटोळ्याचा?

एखाद्या गायकाचा ‘गळा’ गोड आहे असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ‘आ’ आणि ‘ई’ यांतील भेद गळ्यात घडत नाही. स्वरतंतूंच्या कंपनातून निघणारा मूळ ध्वनी दोन्ही वेळा जवळजवळ सारखाच असतो. त्यास ‘आ’चे अथवा ‘ई’चे रूप येते ते मुखविवराच्या आकारामुळे. स्रोत निराळा आणि गाळणी निराळी, हा विचार गुन्नार फांट यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गणिताच्या पायावर मांडला. आज तो ध्वनिविज्ञानाच्या प्राथमिक पाठांत समाविष्ट आहे. बोलीत मात्र श्रेय अद्याप गळ्याकडेच जाते, तोंडाच्या वाट्यास ते येत नाही. घरच्या घरी विद्युत्-गिटार घडविणाऱ्या हौशी मंडळींच्या बोलण्यात असाच एक प्रकार आढळतो. तेथे श्रेय मिळते लाकडास. अमुक लाकूड गोड बोलते, तमुक कोरडे बोलते, या समजुतीपायी माणसे दुर्मिळ लाकडावर बराच पैसा खर्च करतात. ही समजूत कितपत खरी, हे ध्वनिविज्ञानाच्या अंगाने तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंबोऱ्याविषयी अशी शंका कोणी घेणार नाही. तार स्वतः हवा फारच थोडी हलविते. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते, तबली व भोपळा मिळून हवा हलवितात, आणि मग आपणांस नाद ऐकू येतो. तेथे लाकूड आणि भोपळा हीच गाळणी होय. विद्युत्-गिटारीत या साखळीचा मधला दुवाच काढून टाकलेला आहे. तारेखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात; यास ‘पिकअप’ म्हणतात. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो, आणि पुढचे सारे काम वर्धक व ध्वनिक्षेपक करतात. अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३१ च्या सुमारास हे तत्त्व प्रत्यक्षात आणले आणि १९३७ साली त्यांना पेटंट मिळाले. त्यानंतर १९४० च्या सुमारास लेस पॉल या वादकाने चार इंच जाडीच्या एका लाकडी तुळईवर तारा व पिकअप बसविले. ‘लॉग’, म्हणजे ओंडका, हे त्याचे नाव सार्थच होते. तुळईच्या दोन्ही बाजूंस त्याने एका जुन्या गिटारीचे कापलेले अर्धे भाग जोडले, ते मुख्यतः पाहणाऱ्यांच्या समाधानासाठी. गिटारीसारखे दिसल्यावाचून श्रोत्यांना ते वाद्य वाटत नव्हते!

घरगुती कारागिरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र इंग्लंडमधील आहे. लंडनच्या पश्चिमेस फेल्टम येथे राहणारा सोळा वर्षांचा विद्यार्थी ब्रायन मे याने आपले वडील हॅरॉल्ड यांच्या साहाय्याने १९६३ च्या ऑगस्टमध्ये एक गिटार घडविण्यास प्रारंभ केला. बाजारातील गिटार परवडणारी नव्हती. वडील व्यवसायाने इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते होते. काम सुमारे दोन वर्षे चालले आणि एकूण खर्च आठ पौंडांच्या आसपास आला. दांडीसाठी वापरले ते एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी. त्यास वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोके होती. ती आगकाड्यांनी बुजविली. धडात जुन्या मेजाचे ओक व साधी जोडफळी असून वर महोगनीचा पातळ थर दिलेला आहे. कंपदांड्याच्या स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलीच्या झडपांच्या, दांड्याचे टोक आईच्या विणकामाच्या सुईचे, आणि दांडीवरील खुणा शिंपल्याच्या गुंड्यांच्या. ही ‘रेड स्पेशल’ पुढे ‘क्वीन’ या वाद्यवृंदातून जगभर ऐकली गेली. (त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले होते.) ज्या वाद्याचा नाद लोक आजही कानाने ओळखतात, त्याचे लाकूड असे अडगळीतून आलेले आहे.

मग घडविणाऱ्याचे कौशल्य लागते कोठे? प्रथमतः पडद्यांच्या मांडणीत. सतारीचे पडदे सरकविता येतात. गिटारीचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात, त्यामुळे एकदा करवत फिरली की चूक सुधारता येत नाही. रेड स्पेशलच्या तारेची लांबी २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलिमीटर आहे. सप्तकाचे बारा समान भाग करावयाचे तर उरलेल्या लांबीस दर वेळी १७.८१७ ने भागून तेवढ्या अंतरावर पुढचा पडदा येतो, पहिला ३४.२ मिलिमीटरवर, बारावा बरोबर मध्यावर. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ साली यासाठी १८ हा सोपा भाजक सुचविला होता. तो घेतल्यास बारावा पडदा मध्यापासून सुमारे २.२ मिलिमीटर दूर राहतो आणि सप्तक स्पष्टपणे उतरते. एक मिलिमीटरची चूक पहिल्या पडद्याशी अर्धस्वराच्या जेमतेम तीन शतांशांची असते. चोविसाव्या पडद्याशी तीच अकरा शतांशांवर जाते आणि चांगल्या कानास खटकते. म्हणून प्रत्येक अंतर मागील पडद्यापासून न मोजता दांडीच्या वरच्या टोकापासून मोजावे. अन्यथा लहान चुका साचत जातात.

दुसरे, आणि भाषाभ्यासकास अधिक रंजक असे स्थान म्हणजे पिकअपची जागा. तारेच्या प्रत्येक संनादीला काही निस्पंद बिंदू असतात. तेथे ती संनादी तारेस हलवीत नाही. पिकअप नेमका अशा बिंदूखाली असेल तर ती संनादी त्यास ‘ऐकू’ येत नाही. तारेच्या एकचतुर्थांशावर ठेवलेला पिकअप चौथ्या संनादीस बहिरा असतो. ११० कंपनांच्या मोकळ्या तारेत ही संनादी ४४० कंपनांची. आता बाराव्या पडद्यावर बोट दाबले असता स्वर २२० होतो. पिकअप उरलेल्या तारेच्या बरोबर मध्यावर येतो आणि दुसरी संनादी गळते. तीही ४४० चीच! स्वर बदलला तरी गळणारी जागा स्थिर राहते. मनुष्य उंच स्वरात बोलो की खालच्या, ‘आ’चे फॉर्मंट फारसे ढळत नाहीत, त्याच जातीचे हे वर्तन आहे. फरक इतकाच की गिटारीत प्रत्येक तारेस आपापले ‘तोंड’ असते. पिकअप घोडीपासून दूर नेल्यास नाद गोल होतो, जवळ आणल्यास तीक्ष्ण होतो, याचे मुख्य कारण हेच.

येथे तंबोऱ्याचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथे निस्पंद असणाऱ्या संनादी उमटत नाहीत, हा यंग व हेल्महोल्ट्स यांचा नियम. तंबोरा व वीणा हा नियम मोडतात, असे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखविले. घोडीची रुंद, वक्र पाठ आणि तंबोऱ्यातील जवारीचा दोरा त्यास कारण आहेत. गिटारीची घोडी तारेस एका धारेवर तोलते, म्हणून ती या नियमास बांधलेली राहते.

तिसरी गाळणी वेटोळ्याची. त्याचे प्रवर्तकत्व आणि जोडतारेची धारिता मिळून साधारणतः दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूत एक अनुस्पंदन निर्माण होते. त्यास या वाद्याचा फॉर्मंट म्हणावयास हरकत नाही. जोडतार लांब घेतली की तो खाली येतो आणि नाद मंदावतो. ब्रायनने प्रथम चुंबक आणून पिकअपही हातानेच गुंडाळले होते. ते चालत, परंतु तार बोटाने आडवी ताणली असता ध्रुवांवरून सरकताना विचित्र आवाज येई. अखेर त्याने बर्न्स कंपनीचे तीन तयार पिकअप विकत घेतले आणि त्यांचे सुटे भाग थरथरून शीळ घालू नयेत म्हणून ते अ‍ॅराल्डाइटने भरले. लाकूड तेच राहिले, वेटोळी बदलली.

याच वाद्यात प्रत्येक पिकअपला दोन खटके आहेत: एक चालू-बंद करण्याचा, दुसरा विद्युत्‌प्रवाहाची दिशा उलटविण्याचा. हिशेब केल्यास परस्परभिन्न अशा तेरा जोडण्या मिळतात. दोन पिकअप उलट दिशांनी जोडले की दोहोंस समान असलेला भाग परस्परांस खोडतो आणि जो पातळ, पोकळ आवाज उरतो त्यास वादक नाकातला म्हणतात. हा शब्द केवळ आलंकारिक नव्हे. ‘म्’ किंवा ‘न्’ उच्चारताना मुखविवर पुढून बंद असून नादास बाजूची पोकळी जोडली जाते, आणि ध्वनिपटावर काही कंप्रता गळालेल्या दिसतात. येथेही नादातून काही भाग वजा होतो. कानाने दोहोंतील साम्य अचूक हेरले आहे.

मग लाकूड अगदीच निरुपयोगी काय? तसे म्हणणे अतिरेकाचे होईल. दांडी लवचिक असेल तर काही कंपनांची ऊर्जा ती शोषून घेते आणि तेवढे स्वर लवकर विझतात. रेड स्पेशलचे धड अंशतः पोकळ ठेवले आहे ते हेतुपूर्वक. ध्वनिक्षेपकाचा आवाज धडास हलवितो, धड तारेस हलविते आणि स्वर विझण्याऐवजी वाढत जातो. परंतु हा आकाराचा व दृढतेचा प्रश्न आहे, लाकडाच्या जातीचा गौणपणेच. पडद्यांच्या पट्टीसाठी शिसवीचा आग्रह धरला जातो. शिसवीच्या संपूर्ण कुलावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये बहुतांशी सूट मिळाली, कच्च्या लाकडास नाही. ही पट्टी बोटांच्या घर्षणास टिकावी व हातास गुळगुळीत लागावी, एवढीच तिची खरी परीक्षा. ब्रायन मे याने ती ओकची केली, काळी रंगविली आणि वर चकचकीत लेप दिला.