एकच पोटरी सुजली तर

दर १४ जानेवारीला महाराष्ट्रातून अनेक जण पानिपतच्या काला अंब स्मारकाला १७६१च्या लढाईतल्या वीरांना मानवंदना द्यायला जातात. पुण्याहून हा प्रवास दीड हजार किलोमीटरचा. तासन्‌तास बसून दोन्ही पायांवर थोडी सूज आली, तर ती बहुधा उतरते. पण एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, तर कृपा करून तेल लावून चोळू नका. खोल शिरेत गुठळी असू शकते. ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. गुठळी आहे का हे पाहायला सोनोग्राफीत डॉक्टर शिरेवर प्रोब दाबतात: निरोगी शीर चपटी होते, गुठळीची होत नाही. डॉपलरवर रक्तप्रवाह दिसतो. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पहिली तपासणी स्वच्छ आली आणि सूज राहिली, तर आठवड्याभरात पुन्हा करतात, कारण पोटरीतली गुठळी वर सरकू शकते. धाप लागली तर मात्र थेट रुग्णालय गाठा.