पुंगळीची मान आणि बूड

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ आठवते. एन्फिल्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी गजाने ठासायची. वाद पेटला तो त्या कागदाला लावलेल्या वंगणावरून. पुढच्या काही दशकांत कागद मागे पडला आणि त्याच्या जागी पितळ आले. गोळीबाराच्या बातमीत 'घटनास्थळी तीन पुंगळ्या सापडल्या' असे तुम्ही वाचता, ती पुंगळी म्हणजे हे पितळी नळकांडे. गोळी निघून जाते, पुंगळी मागे राहते.

पोलिसांना ती पुरावा वाटते, अमेरिकेतल्या हौशी नेमबाजाला कच्चा माल. तो ती घरी नेतो, साफ करतो आणि पुन्हा भरतो. त्यातले काहीजण आणखी पुढे जातात. ते एका जातीच्या पुंगळीपासून दुसऱ्याच जातीची पुंगळी घडवतात. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा आज जे सांगणार आहे ती कृती नव्हे, धातूची गोष्ट आहे असे समजा.

हा उद्योग कशासाठी? दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक अमेरिकन सैनिकांनी आठवण म्हणून जपानी 'अरिसाका' रायफली घरी आणल्या. त्यातली १९३९ मध्ये जपानी लष्कराने स्वीकारलेली रायफल ७.७ मिलिमीटरची. रायफल घरी आली, पण तिचे काडतूस बाजारात नव्हते. पुढे काही कंपन्यांनी ते काढले, तरी ते हरभऱ्या-फुटाण्यासारखे कधीच मिळाले नाही. मग लोकांच्या लक्षात आले, की अमेरिकन लष्कराच्या 'थर्टी ऑट सिक्स' काडतुसाचे बूड जवळजवळ त्याच मापाचे आहे, सुमारे १२ मिलिमीटर. आणि ती काडतुसे तर अमेरिकेत गल्लोगल्ली.

बूड जुळले की अर्धे काम झाले. कारण पुंगळीचे बूड जाड आणि भरीव असते, घरच्या हत्यारांनी ते बदलता येत नाही. बाकीचे बदलता येते. अमेरिकन पुंगळी ६३ मिलिमीटर लांब, जपानी ५८. पुंगळीला वंगण लावून ती पोलादी साच्यात दाबतात, तेव्हा तिचा खांदा खाली सरकतो. वर उरलेला भाग कापून टाकायचा. जपानी गोळी केसभर जाड, म्हणून मान जराशी रुंद करायची. झाले!

झाले असे वाटते खरे. पण पुंगळीची भिंत सगळीकडे सारखी नसते. तोंडाशी पातळ, बुडाकडे जाड होत जाते. मान कापून टाकल्यावर जी नवी मान तयार होते, ती आधी खांदा किंवा पोट होती. म्हणजे ती जाड भरू शकते. रायफलच्या कोठीत त्या जाड मानेला फुगायला जागा मिळत नाही, ती गोळीला सोडत नाही आणि आतला दाब भलताच चढतो. नेहमीचा दाबच हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट असतो, आणि नेमबाजाचा डोळा त्याच्यापासून वीतभर अंतरावर. म्हणून मान मापायची, आणि जाड निघाली तर आतून तासायची. खांदा जास्त खाली गेला तरी धोकाच. मग पुंगळी कोठीत सैल बसते, बार उडताना ताणली जाते आणि बुडाच्या थोडी वर तुटू शकते.

आता पितळेच्या स्वभावाकडे येऊ. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. थंड असताना ठोकले, वाकवले, ओढले की ते कडक होत जाते आणि शेवटी तडकते. पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला हे सांगावे लागत नाही. मठारकाम करताना भांडे हातोडीखाली कडक झाले, की तो ते भट्टीत लाल करतो आणि पुन्हा ठोकायला घेतो. पुंगळीची मानही तशीच तापवून मऊ करावी लागते.

पण भांड्यात आणि पुंगळीत एक फरक आहे. भांडे सगळे मऊ झाले तरी चालते. पुंगळीची मान मऊ हवी आणि बूड मात्र कडकच राहिले पाहिजे. मान मऊ असली तर ती बार उडताच फुगून कोठीच्या भिंतीला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते. बूड मऊ झाले तर ते पसरते, ठिणगीची टोपी सैल होते आणि तोच तापलेला वायू बोल्टमधून तोंडावर येतो. एकाच बोटभर नळकांड्याला दोन स्वभाव! यासाठीची जुनी युक्ती मला फार आवडते. ताटात पाणी घ्यायचे, त्यात पुंगळ्या निम्म्या बुडतील अशा उभ्या करायच्या, वरून मानेवर ज्योत फिरवायची आणि तापली की पुंगळी पाण्यात आडवी पाडायची. पोलाद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, पितळ होत नाही. इथे पाण्याचे काम एवढेच, की उष्णता बुडापर्यंत जाऊ द्यायची नाही.

मान तापवली नाही तर काय होते, हे इंग्रजी फौजेला कळले ते आपल्याच देशात. पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली काडतुसे कोणी हात न लावता आपोआप तडकू लागली. पावसाळ्याच्या ऋतूत घडणारा प्रकार म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडले. त्याचा नीट उलगडा व्हायला १९२१ साल उजाडले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले, की घडवताना पितळेत कोंडलेला ताण आणि घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हे दोन्ही एकत्र आले की दमट हवेत धातू फाटतो. ताण काढून टाकला की अमोनिया फारसे बिघडवू शकत नाही. अमेरिकन लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर डाग दिसतो तो या तापवण्याचाच. तो पुसत नाहीत. बाजारी पुंगळीवर तो पॉलिशने जातो. आणि जाणते नेमबाज अमोनिया असलेले पॉलिश पुंगळीला लावत नाहीत, तेही याच कारणाने.

एक गोष्ट मात्र साच्यातही बदलत नाही आणि आगीतही नाही, ती म्हणजे बुडावरचा शिक्का. पुंगळी आता जपानी रायफलची, पण बुडावर अक्षरे 'थर्टी ऑट सिक्स'चीच. घडवणाऱ्याला ते माहीत असते. त्याच्या माघारी कपाट उघडणाऱ्या मुलाला किंवा डबा विकत घेणाऱ्या परक्याला नसते. म्हणून अशा पुंगळ्यांचा डबा वेगळा ठेवतात आणि आत काय आहे ते झाकणावर ठळक अक्षरांत लिहून चिकटवतात.