टाकी भरलेली, तरी नळ कोरडा? मोटरहोममधल्या पाण्याचा बिघाड पंपाच्या आवाजावरून असा शोधायचा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ते आनाऊ नावाचं गाव आहे. तिथून मिलफर्ड साउंडला जाणारा रस्ता साधारण १२० किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना डोंगर, दाट जंगल आणि मधेमधे गाडी लावून मुक्काम करण्यासाठी मोकळ्या जागा. मोटरहोम भाड्याने घेऊन या रस्त्यावर फिरणाऱ्यांमध्ये आता मराठी कुटुंबंही दिसतात.

समजा, अशाच एका कुटुंबाने संध्याकाळी गाडी लावली. चहासाठी नळ उघडला, तर आतून फक्त फुस्स. टाकीचा दिवा अर्धी टाकी भरलेली दाखवतोय, मुलांना हात धुवायचेत आणि मोबाइलला रेंज नाही.

अशा वेळी पहिला विचार येतो तो "पंप गेला" हाच. मग कुणी पंपाचं बटण तसंच चालू ठेवतं, कुणी मोठा फ्यूज टाकतं, कुणी पाणी नसतानाच गिझर लावतं. किरकोळ बिघाड मोठा होतो तो इथे. खरं तर संशयितांच्या यादीत पंपाचा नंबर शेवटचा असायला हवा. आणि खरा बिघाड कुठे आहे, हे पंपाच्या आवाजावरून बरंचसं कळतं.

आधी समजून घेऊ, पाणी नळापर्यंत येतं कसं?

घरातली टाकी गच्चीवर असते, त्यामुळे पाणी आपोआप खाली येतं. मोटरहोममध्ये उलटं असतं. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. ते टपावर ठेवलं तर वळणावर गाडी डोलेल. म्हणून टाकी सीटखाली किंवा फरशीच्या लगत असते. छोट्या व्हॅनमध्ये ती ४० ते १०० लिटरची, तर मोठ्या अमेरिकन गाड्यांमध्ये ३०० लिटरच्याही पुढची असते.

खालचं पाणी वर ढकलायला १२ व्होल्टचा छोटा पंप असतो. त्याला दाब ओळखणारा स्विच जोडलेला असतो. नळ उघडला की पाइपमधला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब वाढतो आणि ठरलेल्या आकड्याला पंप थांबतो. हा आकडा बहुतेक पंपांत ४० ते ५५ पीएसआय, म्हणजे साधारण पावणेतीन ते पावणेचार बार असतो.

काही युरोपीय गाड्यांमध्ये पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि स्विच प्रत्येक नळात असतो. तिथे एकाच नळाने पंप सुरू होत नसेल आणि बाकीच्यांनी होत असेल, तर दोष त्या नळातल्या स्विचचा किंवा त्याच्या वायरीचा.

म्हणजे नळ उघडल्यावर पंप सुरू व्हावा, पाणी यावं आणि नळ बंद केल्यावर पंप गप्प बसावा. यात जिथे खोट येते, तिथून शोध सुरू करायचा.

१. नळ उघडला, पण पंप गप्पच

हा बिघाड पाण्याचा कमी आणि विजेचा जास्त असतो. आधी गाडीतल्या पॅनेलवर पंपाचं बटण चालू आहे का ते बघायचं. बऱ्याच गाड्यांत सगळ्या विजेचा एक मुख्य स्विच वेगळा असतो, तोही तपासायचा.

मग बॅटरी. काही काळ वापरात नसलेली पूर्ण भरलेली लेड ॲसिड बॅटरी साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२ च्या आसपास आला असेल, तर ती जवळपास रिकामी आहे. दिवे मंद झाले असतील तर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर फ्यूज. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकायचा. जास्त क्षमतेचा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावण्याचा जुगाड केला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि मोटरहोमच्या भिंतीत वायरीच्या शेजारी लाकूड आणि फोम असतो.

फ्यूज ठीक असेल तर नळ उघडा ठेवून पंपाच्या दोन्ही वायरींवर मल्टिमीटर लावायचा. वीज तिथपर्यंत पोहोचत नसेल, तर वाटेत कुठेतरी जोड सैल आहे किंवा गंजलाय. वीज पोहोचते आणि तरी पंप हलत नाही, तेव्हाच दाबाचा स्विच किंवा मोटार बिघडली असं म्हणता येतं.

२. पंप धावतोय, पण पाणी नाही

विहिरीवर मोटार असलेल्या घरात हा प्रकार नवा नाही. मोटार हवा धरते आणि नुसती फिरत राहते. मोटरहोममध्येही तेच होतं.

पहिला प्रश्न: टाकीत खरंच पाणी आहे का? अनेक गाड्यांत टाकीच्या भिंतीत तीन-चार धातूच्या खिळ्या असतात आणि पाणी कुठल्या खिळीपर्यंत आहे यावरून दिवे लागतात. त्यांच्यावर क्षार साचले की रिकामी टाकीही भरलेली दिसते. त्यामुळे दिव्यांवर विश्वास न ठेवता टाकीचं झाकण उघडून टॉर्चने बघायचं.

दुसरा प्रश्न: गाडी उतारावर उभी आहे का? पंपाचा पाइप टाकीच्या एका कोपऱ्यातून पाणी घेतो. गाडी कलली की पाणी दुसऱ्या कोपऱ्यात जमतं आणि पंप हवा ओढतो. अशा वेळी गाडी सपाट जागी लावली की काम होतं.

तिसरा संशयित गाळणी. पंपाच्या आधी एक पारदर्शक छोटी वाटी असते, तिच्यात जाळी असते. जाळी तुंबली तर पाणी येत नाही. वाटी नीट बसली नसेल किंवा तिची रबरी रिंग सरकली असेल, तर हवा आत जाते. एक गोष्ट इथे हमखास फसवते. पंपाच्या पुढची गळती ओली दिसते, पण टाकी आणि पंप यांच्यामधली गळती बऱ्याचदा कोरडीच राहते, कारण तिथून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते. सगळं कोरडं आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही.

थंड देशांतल्या काही गाड्यांत पंपाजवळ आणखी एक व्हॉल्व्ह असतो. हिवाळ्यात पाइपमध्ये न गोठणारा द्रव भरण्यासाठी त्याची दिशा बदलतात. तो तसाच राहिला, तर पंप टाकीऐवजी मोकळ्या नळीतून हवा ओढत बसतो.

शेवटी टाकीची हवेची नळी. पाणी बाहेर जाताना तेवढी हवा आत यावी लागते. नळी तुंबली असेल तर टाकीचं झाकण सैल करताच पाणी सुरू होतं.

कारण सापडलं की पंपापासून सर्वांत लांबचा थंड पाण्याचा नळ उघडायचा आणि एक-दोन मिनिटं पंप चालू द्यायचा. नळ आधी फुसफुसतो, मग धार लागते. धार लागत नसेल तर पंप बंद करून पुन्हा शोध घ्यायचा. कोरडा पंप तासभर चालवणं म्हणजे तो स्वतःच्या हाताने घालवणं.

३. सगळे नळ बंद, तरी पंप मधेच घुर्रकन सुरू होतो

याचा अर्थ दाब कुठून तरी उतरतोय. म्हणजेच कुठेतरी गळती आहे. गाडी तासन्‌तास हादरत असल्यामुळे पाइपचे जोड सैल होतात. सिंकखाली, टॉयलेटच्या पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी आणि गिझरच्या जोडांवर कोरडा टिश्यू पेपर फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा थेंबही कागदावर उमटतो.

कुठेच ओल नसेल तर पंपातला एकाच दिशेने पाणी सोडणारा पडदा संशयित ठरतो. तो झिजला की दाबाखालचं पाणी मागे टाकीत परततं. कॅम्पसाइटच्या नळाची थेट जोडणी दिलेली असताना टाकी आपोआप भरू लागली, तर बऱ्याचदा दोषी हाच पडदा असतो.

थंडीत आणखी एक गंमत होते. ट्रुमा कंपनीच्या बॉयलरना एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. त्याच्याजवळचं तापमान साधारण ३ अंशांवर आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी गाडीखाली सोडून देतो, म्हणजे आत बर्फ होऊन बॉयलर फुटत नाही. तो पुन्हा बंद करावा लागतो हाताने, आणि तेही तिथलं तापमान ७ अंशांच्या वर गेल्यावरच. हे माहीत नसलेले लोक पाणी भरत राहतात आणि ते खाली वाहत राहतं. इथे काहीच बिघडलेलं नसतं, फक्त गाडी आतून गरम करायची असते.

म्हणूनच गाडी चालवताना आणि रात्री झोपताना पंपाचं बटण बंद ठेवावं. एखादा जोड सुटला, तर चालू पंप अख्खी टाकी फरशीवर ओततो.

पाणी येतंय, पण बारीक किंवा कोमट?

एकाच नळाची धार बारीक असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून व्हिनेगरमध्ये भिजवायची. क्षार निघून जातात.

गरम पाणी कोमटच येत असेल, तर अमेरिकन गाड्यांत गिझरचा बायपास व्हॉल्व्ह बघायचा. तो उघडा राहिला की थंड पाणी गरम पाण्यात मिसळतं. बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ उघडे ठेवून फक्त हातातल्या शॉवरचं बटण बंद केलं असेल, तरी हेच होतं.

गिझरचा एक नियम मात्र मोडायचा नाही. गरम पाण्याच्या नळातून हवेविना अखंड धार येईपर्यंत गिझर लावू नये. विजेची कॉइल पाण्याबाहेर तापली तर काही क्षणांत जळते.

आणि वास येत असेल तर?

फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो बहुधा गिझरमध्ये तयार झालेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो. साचलेल्या पाण्यातले जिवाणू तो तयार करतात. थंड पाण्यालाही वास असेल, तर टाकी आणि पाइप निर्जंतुक करायची वेळ झाली.

त्यासाठी सुगंध नसलेलं, साबण न मिसळलेलं साधं ब्लीच वापरतात. ते साधारण ५ टक्क्यांचं असेल, तर १०० लिटर पाण्याला १०० मिलिलिटर पुरतं. ते आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओतायचं, टाकी भरायची, प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडायचं आणि चार तास तसंच ठेवायचं. मग सगळं पाणी काढून, वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने टाकी धुवायची.

पिण्याचं पाणी भरायची नळी आणि टॉयलेटची टाकी धुवायची नळी कायम वेगळी हवी. ओढ्याचं किंवा प्रक्रिया न केलेलं पाणी भरलं असेल, तर निर्जंतुक केलेल्या टाकीतलं असलं तरी ते उकळूनच प्यायचं.

चावी हातात घेताना एवढं विचारून ठेवा

महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यामुळे न्यूझीलंड असो की कोकण, गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटं पाण्यासाठी द्यायला हवीत. पंप कुठे आहे, त्याचा फ्यूज कुठला, गाळणी कुठे, गिझरचे व्हॉल्व्ह कुठल्या दिशेला हवेत, हे विचारून मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवायचा. नळ उघडून पंपाचा नेहमीचा आवाजही त्यात घ्यायचा, म्हणजे बिघडलेला आवाज ओळखता येतो.

सोबत योग्य क्षमतेचे दोन जास्तीचे फ्यूज, एक टॉर्च आणि पिण्याच्या पाण्याचा १० लिटरचा कॅन ठेवायचा. पंप खरंच गेला असेल, तरी रात्रीचा चहा, स्वयंपाक आणि मुलांचे हात धुणं तेवढ्यात निभावतं. दुरुस्तीचं सकाळी बघता येतं.