विश्लेषण : भर उन्हात शटर का अडते? मोटर, स्प्रिंग आणि विदर्भाचा उन्हाळा

मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर, वर्धा येथे पारा ४५ अंशांच्या घरात गेला की कूलर दुरुस्त करणाऱ्यांइतकीच धावपळ आणखी एका कारागिराची होते, ती म्हणजे शटरवाल्याची. सकाळी एका हाताने उघडलेले दुकानाचे शटर दुपारी दोघांना ओढावे लागते. रिमोटवर चालणारे सोसायटीचे फाटक अर्ध्यावर थांबते. मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. अशा वेळी ‘मोटर जळाली’ असा निष्कर्ष चटकन काढला जातो आणि खिशाला मोठी चाट बसते. प्रत्यक्षात बिघाड बरेचदा किरकोळ असतो. मात्र तो चुकीच्या पद्धतीने हाताळला तर जिवावर बेतू शकते. उन्हाचा शटर आणि फाटकावर नेमका काय परिणाम होतो, घरच्या घरी काय करता येते आणि कशाला हात लावू नये, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

शटर चालते कसे?

दुकानाचे किंवा घरच्या पार्किंगचे शटर म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांची गुंडाळी. या पट्ट्यांची दोन्ही टोके भिंतीला ठोकलेल्या उभ्या खाचेत, म्हणजे गाइडमध्ये, वर-खाली सरकतात. वरच्या बाजूला पत्र्याच्या डब्यात आडवा पाइप असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. शटर त्यावर गुंडाळले जाते. हाताने ओढायच्या शटरमध्ये शाफ्टवर स्प्रिंगा असतात. शटर खाली येताना त्या पिळल्या जातात आणि वर नेताना तीच ताकद परत देतात. त्यामुळे बरेच वजन असलेले शटरही एका माणसाला उचलता येते. मोठ्या शटरना साखळी आणि गिअर किंवा मोटर लावतात. मोटरच्या शटरला कुठे थांबायचे हे ‘लिमिट स्विच’ सांगतो. धातूच्या गुंडाळी शटरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६२४८ हे स्वतंत्र मानक आहे.

दुपारीच ते का अडते?

याचे साधे उत्तर म्हणजे धातू तापला की वाढतो. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढते. सकाळी ३० अंशांवर असलेली ३ मीटर रुंदीची पट्टी पश्चिमेच्या उन्हात ६५ अंशांपर्यंत तापली, तर ती साधारण सव्वा मिलिमीटरने लांबते. ॲल्युमिनियमची वाढ याच्या जवळजवळ दुप्पट असते. दोन गाइडमधले अंतर मात्र भिंतीने बांधलेले असते आणि भिंत पत्र्याइतकी तापत नाही. पट्टी वाढते, जागा तेवढीच राहते.

सव्वा मिलिमीटर म्हणजे फार नव्हे. बसवताना पुरेशी फट सोडली असेल तर काहीच बिघडत नाही. पण गाडीचा धक्का लागून गाइड आत दबलेले असेल, पट्टी एका बाजूला सरकलेली असेल, किंवा थंडीत बसवताना शटर अगदी घट्ट मापाने घेतले असेल, तर एवढी वाढही पुरते. त्यात गाइडमध्ये साचलेले ग्रीस आणि धूळ यांची भर पडते. उन्हात ग्रीस पातळ होऊन ओघळते, त्यावर धूळ बसते आणि काही दिवसांत त्याचा काळा लगदा तयार होतो. शटर अडले की अनेक जण गाइडमध्ये आणखी ग्रीस भरतात. त्याने चार दिवस बरे वाटते आणि पुढे त्रास वाढतो. योग्य क्रम उलटा आहे. आधी गाइड कोरड्या फडक्याने आणि ब्रशने स्वच्छ करायचे, मग हलका सिलिकॉन स्प्रे मारायचा. ग्रीसची जागा बेअरिंग आणि साखळीवर आहे, गाइडमध्ये नाही.

दुपारी अडलेले शटर संध्याकाळी ऊन उतरल्यावर आपोआप मोकळे होत असेल, तर दोष मोटरमध्ये नसून मापात किंवा गाइडमध्ये आहे, अशी शंका आधी घ्यावी.

मोटर मध्येच का थांबते?

विजेच्या मोटरची क्षमता ठरवताना, वेगळे नमूद केलेले नसेल, तर भोवतालचे कमाल तापमान ४० अंश गृहीत धरले जाते. आयएस/आयईसी ६००३४ या मानकाचा तो आधार आहे. विदर्भात मेमध्ये सावलीतच ४५ अंश असतात. शटरची मोटर तर उन्हात तापलेल्या पत्र्याच्या डब्यात, छज्जाखाली कोंडलेली असते. तिथली हवा बाहेरच्याहूनही गरम असते.

शिवाय ही मोटर सतत चालण्यासाठी बनवलेलीच नसते. काही मिनिटे चालायचे आणि मग थंड व्हायचे, हा तिचा हिशोब असतो. आतील वेटोळे ठरावीक मर्यादेपलीकडे तापले की ‘थर्मल कटऑफ’ वीज तोडतो. मोटर जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे, तो बिघाड नव्हे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबण्याऐवजी मोटर निवण्यासाठी अर्धा तास थांबावे. मोटर त्यानंतर नीट चालली तर ती शाबूत आहे. पण हेच रोज घडू लागले, तर शटर जड झाले आहे किंवा मोटर वजनाच्या मानाने लहान पडते आहे.

मोटर गुरगुरते पण फिरत नाही, हे लक्षण बहुतांशी कपॅसिटरकडे बोट दाखवते. मोटरला सुरुवातीचा झटका देणारा हा छोटासा भाग उष्णतेने लवकर कमजोर होतो. तो बदलणे नव्या मोटरच्या तुलनेत अगदी स्वस्तात पडते. मात्र वीज बंद केल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ भार शिल्लक राहतो, त्यामुळे हे काम जाणकारानेच करावे.

विजेच्या दाबाचा काय संबंध?

उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू असतात. जुन्या वस्तीत, लांब गेलेल्या वाहिनीच्या टोकाला त्यामुळे व्होल्टेज उतरते. अशा मोटरची सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर ताकद साधारण ६८ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश कमी. त्याच वेळी शटर घट्ट झालेले असते आणि मोटर तापलेली असते. तिन्ही गोष्टी एकाच दुपारी जुळून येतात.

म्हणून मोटर बदलण्याआधी दुपारी दोन-तीनच्या सुमारास मीटर लावून व्होल्टेज मोजायला सांगावे. मोटरपर्यंत नेलेली वायर बारीक आणि लांब असेल तर दाब आणखी पडतो. जाड वायर किंवा योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर एवढ्यावरही प्रश्न सुटू शकतो.

संध्याकाळी फाटक बंदच होत नाही, असे का?

सोसायटीच्या स्वयंचलित फाटकाला दोन्ही बाजूंनी छोटे सेन्सर असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो टिपतो. मध्ये गाडी, माणूस किंवा जनावर आले की किरण तुटतो आणि फाटक थांबते. मावळतीचे तिरपे ऊन थेट टिपणाऱ्या सेन्सरच्या काचेवर पडले, तर त्याला किरण ओळखता येत नाही. मध्ये काहीतरी आहे असे समजून फाटक बंद होण्यास नकार देते. रोज एका ठरावीक वेळी हा त्रास होत असेल तर कारण बहुधा हेच. सेन्सरवर छोटी झाप लावणे किंवा टिपणारा सेन्सर सावलीच्या बाजूला नेणे, हा त्यावरचा उपाय आहे. धुळीने माखलेली काच मऊ फडक्याने पुसणे, हा त्याहूनही सोपा.

काही ठिकाणी कटकट नको म्हणून सेन्सरच्या तारा थेट जोडून टाकल्या जातात. फाटक मग सुरळीत चालते, पण समोर लहान मूल आले तरी थांबत नाही. हा ‘जुगाड’ कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये.

रिमोटचेही तसेच आहे. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात पडलेल्या रिमोटची बॅटरी लवकर उतरते, कधी गळते. मोटरवाल्याला बोलावण्याआधी बॅटरी बदलून पाहावी.

फाटक रुळावरून का घसरते?

येथे उन्हाबरोबर मातीचाही वाटा आहे. विदर्भातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया उथळ असेल तर फाटकाचे खांब वर्षातून दोनदा किंचित हलतात. मग सरकत्या फाटकाचा रूळ आणि वरचा आधार एका रेषेत राहत नाहीत. त्यातच बाहेरून पत्रा ठोकलेले फाटक असेल तर उन्हाकडचा पत्रा आतल्या सांगाड्यापेक्षा जास्त तापतो आणि फाटक धनुष्यासारखे थोडे वाकते. मोटरच्या चक्राचे दाते आणि फाटकावरची दातेरी पट्टी यांत मग घर्षण वाढते.

सर्वांत मोठा धोका मात्र रुळाच्या टोकाला असतो. फाटक पुढे जाऊ नये म्हणून टोकाला लावलेला अडसर तुटलेला असेल किंवा वरचा आधार ढिला झाला असेल, तर कित्येक क्विंटलचे फाटक आडवे कोसळू शकते. शाळेच्या आणि सोसायटीच्या फाटकांवर मुले लोंबकळतात, झोके घेतात. दोन्ही टोकांचे अडसर आणि वरचे आधार मजबूत आहेत की नाही, हे महिन्यातून एकदा पाहायला दोन मिनिटे लागतात.

उन्हामुळे स्प्रिंग तुटते का?

असा समज आहे, पण ४५ किंवा ६५ अंशांत पोलादी स्प्रिंगची ताकद संपत नाही. ती तुटते वापराच्या थकव्याने आणि गंजाने. अमेरिकेत गॅरेजच्या दारांच्या साध्या स्प्रिंगांचे आयुष्य साधारण १० हजार उघडझापी इतके धरतात. विदर्भात उन्हाळ्यात दुपारी दुकाने बंद ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे दिवसाला दोन उघडझापी होतात आणि थकवाही लवकर येतो.

शटर पूर्वीपेक्षा जड लागणे, वर सोडल्यावर हळूहळू खाली येणे, एका बाजूला तिरके होणे आणि वरच्या डब्यातून ‘खट्ट’ असा मोठा आवाज येणे, ही स्प्रिंग ढिली पडल्याची किंवा तुटल्याची लक्षणे आहेत. एक स्प्रिंग तुटली की उरलेल्यांवर जादा भार येतो आणि शटर कधीही धाडकन खाली येऊ शकते. अशा शटरखालून ये-जा करू नये. आधी लाकडी किंवा लोखंडी टेकू द्यावा. शाफ्ट, ब्रॅकेट आणि स्प्रिंग यांचे नट स्वतः खोलू नयेत. पिळलेली स्प्रिंग अचानक सुटली तर पान्हा हातातून उडतो, बोटे आणि चेहरा जायबंदी होतो.

शटरमध्ये वीज कशी उतरते?

उन्हाळ्यात झालेले नुकसान अनेकदा पावसाळ्यात उघडकीला येते. घरगुती पीव्हीसी वायरचे आवरण साधारण ७० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी असते. तापलेल्या पत्र्याला घासत गेलेली मोटरची किंवा दुकानाच्या पाटीतील दिव्यांची वायर काही उन्हाळ्यांत कडक होते, तडकते. पहिल्या पावसात पाणी शिरले की वीज थेट शटरच्या पत्र्यात उतरते. ओल्या पायांनी कुलूप उघडायला गेलेल्या माणसाला त्याची कल्पनाही नसते.

यावर उपाय दोन. पहिला, शटर आणि मोटर दोन्हींना नीट अर्थिंग. दुसरा, त्या जोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. साधा एमसीबी माणसाला बसणारा धक्का ओळखू शकत नाही, तो जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. शटरला हात लावल्यावर किंचित झिणझिण्या आल्या तरी मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. ‘थोडेसेच आहे’ म्हणून दिवस काढू नयेत.

वीज गेली आणि आत माणूस असेल तर?

मोटरच्या बहुतेक शटरना आणि फाटकांना हाताने उघडण्याची सोय असते. कुठे फिरवायचा दांडा असतो, कुठे साखळी, कुठे किल्लीने सुटणारा खटका. अडचण अशी की, दांडा कपाटात, किल्ली मालकाकडे आणि रात्री आत झोपलेला माणूस वेगळाच असतो. आग लागली तर वीज सर्वांत आधी जाते.

कॅलिफोर्नियाने हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. २०१७च्या वणव्यांत वीज गेल्याने गॅरेजची दारे उघडली नाहीत आणि काही रहिवाशांना बाहेर पडता आले नाही. त्यानंतर तेथे कायदा झाला. १ जुलै २०१९ पासून घरगुती गॅरेजच्या दाराची मोटर बॅटरीच्या सोयीशिवाय विकता येत नाही. त्याआधी, दाराखाली सापडून मुलांचे मृत्यू झाल्याने अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला होता. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या मोटरना अडथळा लागताच दार उलट फिरवण्याची व्यवस्था त्याने सक्तीची केली. तेथे सेन्सर जमिनीपासून ६ इंचांहून उंच लावत नाहीत, कारण जमिनीवर पडलेले मूलही त्याच्या नजरेतून सुटता कामा नये. आपल्याकडे मोटर घेताना ग्राहकाने रंग आणि रिमोटच्या आधी याच दोन सोयी विचारायला हव्यात.

उन्हाळ्यापूर्वी काय करून घ्यावे?

फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवतपा लागण्याच्या कितीतरी आधी, गाइडची सफाई, दबलेल्या पट्ट्या सरळ करणे, बेअरिंगला ग्रीस, स्प्रिंगांची तपासणी आणि वायरची पाहणी करून घ्यावी. मोटरच्या डब्यावर सावली येईल अशी पत्र्याची झाप आणि हवा जायला जागा ठेवावी. पश्चिमेकडच्या शटरला फिका रंग दिला तर पत्रा कमी तापतो. हाताने उघडण्याचा दांडा आतल्या बाजूला, सर्वांना दिसेल असा टांगावा आणि नोकरांसह घरातल्या प्रत्येकाकडून एकदा वापरून घ्यावा.

दुरुस्ती करताना जुना काढलेला भाग मागून घ्यावा, पावतीवर कोणता भाग बदलला आणि किती महिन्यांची हमी हे लिहून घ्यावे. पैसे घेऊनही काम नीट झाले नाही तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी ठरू शकते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि तेव्हा हातातली पावतीच उपयोगी पडते.