हाउन्सलोतलं बोनाफाईड

सप्टेंबर उलटला की लंडनमधल्या हाउन्सलोतल्या भाड्याच्या घरांत एक पाकीट येऊन पडतं. आत घडी घातलेलं कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या घरपट्टीचं, बिल. घरात पुणे, नाशिक, लातूरकडून शिकायला आलेली चार मुलं. कुणी २२२ नंबरच्या बसनं अक्सब्रिजला ब्रुनेल विद्यापीठात जातं, कुणी २८१ नं किंग्स्टनला. छपरावरून हीथ्रोवर उतरणारी विमानं जात असतात. मुलं बिलावरच्या पौंडांचे मनातल्या मनात रुपये करतात आणि त्या रात्री जेवणावरची वासनाच जाते.

अशा वेळी पाकीट फ्रिजवर ठेवून द्यावं असं वाटतं. तेच सगळ्यांत महाग पडतं. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं आणि त्यात सात दिवसांची मुदत असते. ती गेली की वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागितली जाऊ शकते, आणि त्यापुढे कोर्टाचं समन्स. खरं म्हणजे हे बिल या चौघांनी भरायचंच नसतं.

ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास ‘पोल टॅक्स’ होता, तेव्हा पूर्णवेळ विद्यार्थ्यालाही वीस टक्के भरावे लागत. १९९३ मध्ये त्याच्या जागी कौन्सिल टॅक्स आला. त्यात ज्या घरात फक्त पूर्णवेळ विद्यार्थी राहतात, त्या घराला पूर्ण माफी मिळाली. पूर्णवेळ कुणाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. अभ्यासक्रम किमान एका शैक्षणिक वर्षाचा हवा, वर्षातले किमान चोवीस आठवडे चालणारा हवा आणि त्या काळात आठवड्याला सरासरी एकवीस तास अभ्यासाचे हवेत. माफी कायद्यानं दिलेली आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. घरात विद्यार्थी राहतात हे कौन्सिलला कळवावं लागतं, तेही कागदानिशी.

तो कागद मराठी मुलांच्या चांगल्या ओळखीचा असतो. इथे त्याला ‘स्टुडंट स्टेटस लेटर’ म्हणतात. महाराष्ट्रात एसटीच्या पासापासून शिष्यवृत्तीपर्यंत ज्याच्यासाठी कॉलेजच्या खिडकीपाशी रांगा लावल्या, तेच हे बोनाफाईड. विद्यापीठाच्या पोर्टलवरून ते बहुधा काही मिनिटांत उतरवता येतं.

मात्र अर्जाला जोडण्याआधी ते नीट वाचायला हवं. अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे असं त्यात स्पष्ट लिहिलंय का? सुरू होण्याची आणि संपण्याची, दोन्ही तारखा आहेत का? पत्ता हाउन्सलोचा आहे की अजून सातारचाच? आणि नाव? पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात असतं, भाडेकरारात वडिलांचं नाव गळालेलं असतं, विद्यापीठाच्या पत्रात तिसराच क्रम. कागद तपासणाऱ्याला मधलं नाव वडिलांचं असतं हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून अर्जात एका ओळीत तसा खुलासा केलेला बरा.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. अर्ज गेला की संदर्भ क्रमांक येतो. आपल्याकडच्या आवक क्रमांकाचीच किंमत त्याला. ज्यांनी तहसील कचेरीत पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही, त्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पेच पडतो तो विद्यार्थी न राहिलेल्या माणसामुळे. घरातल्या एकाचं एमएस्सी संपतं, तो ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी शोधू लागतो आणि घराची पूर्ण माफी त्या दिवसापासून जाते. तो घरातला एकटाच बिगरविद्यार्थी असेल तर बिलात पंचवीस टक्के सूट मिळते, आणि उरलेलं बिल कायद्यानं त्याच्या एकट्याच्या नावावर येतं. पूर्णवेळ विद्यार्थी त्याच्याबरोबर संयुक्त जबाबदार धरले जात नाहीत. मैत्रीखातर वाटून घेणं वेगळं, पण नियम काय आहे ते आधी सगळ्यांना माहीत असलं की भांडणं टळतात. खोल्या वेगवेगळ्या करारांनी भाड्यानं दिलेल्या असतील, तर मात्र बिल सहसा घरमालकाच्या नावावर निघतं.

सगळ्यांत जपावं लागतं ते शब्दांना. विद्यार्थ्याला हवं असतं ‘एक्झेम्प्शन’. कौन्सिलकडे त्याच्या शेजारीच ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ नावाची दुसरी योजना असते, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. स्टुडंट व्हिसावर ‘नो पब्लिक फंड्स’ ही अट असते आणि ‘रिडक्शन’ त्या निषिद्ध यादीत मोडतं. युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिटही त्याच यादीत आहेत. विद्यार्थी म्हणून मिळणारी माफी त्या यादीत नाही. दोन्ही योजना त्याच कौन्सिलच्या, त्याच करावरच्या. घाईत चुकीच्या फॉर्मवर टिचकी मारली, तर हक्काची गोष्ट मागायला गेलेला मुलगा व्हिसाच्या अडचणीत सापडू शकतो.

उलट बाजूची भीतीही तितकीच नुकसान करते. अनेक मुलं ‘पब्लिक फंड्स नकोत’ म्हणून आजारपण अंगावर काढतात. एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, त्या यादीत नाही. व्हिसा काढतानाच विद्यार्थ्यानं वर्षाला ७७६ पौंडांप्रमाणे आरोग्य अधिभार भरलेला असतो. जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही.

केंद्र सरकारच्या ‘वर्क अँड पेन्शन्स’ खात्याशी, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य कल्याणकारी खात्याशी, या मुलांचा संबंध येतो तो बहुधा नॅशनल इन्शुरन्स नंबरपुरता. तो हातात येईपर्यंत काम सुरू करता येत नाही, अशी समजूत पसरलेली आहे. कामाचा हक्क सिद्ध झाला, तर नंबर येण्याआधीही काम करता येतं. हक्क दाखवायचा तो ई-व्हिसावरून काढलेल्या नऊ अक्षर-अंकांच्या शेअर कोडनं. नोकरीसाठीचा कोड ‘डब्ल्यू’नं सुरू होतो, घरमालकासाठीचा ‘आर’नं. नव्वद दिवसांनी तो बाद होतो.

काहींचं दुसरं टोक पुण्यात बांधलेलं असतं. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळालेल्यांचा पत्रव्यवहार चालतो समाजकल्याण आयुक्तालयाशी. हिवाळ्यात पुणं साडेपाच तास पुढे असतं. हाउन्सलोत सकाळचा चहा होईतो तिथे दुपार कलायला लागलेली असते, म्हणून फीची मागणी आणि प्रगतीचा दाखला आदल्या रात्रीच धाडून ठेवलेला चांगला. या वाटेवर थोर माणसंही अडली आहेत. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली होती. १९२० मध्ये ते त्याच परवानगीच्या बळावर परतले.

कौन्सिलनं माफी नाकारली तरी वाट बंद होत नाही. आधी कौन्सिललाच लेखी हरकत कळवायची. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे जाता येतं, आणि तिथे शुल्क पडत नाही. विद्यापीठातलं सल्ला केंद्र आणि सिटिझन्स ॲडव्हाइस अशा पत्रांचा मसुदा फुकट तपासून देतात.

बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तसंच पाकीट येतं. या वेळी बिलावर शून्य असतं. शून्याखाली माफीची मुदत छापलेली असते, अभ्यासक्रम संपण्याच्या दिवसापर्यंतची. घरातलं एक शहाणं माणूस ती तारीख पेनानं गोल करतं, फोनमध्ये महिनाभर आधीचा गजर लावतं आणि बिल भाडेकराराच्या फाइलीत ठेवतं. मग चौघं जेवायला बसतात.