दुधाची गुळणी आणि वजनाची रेषा

दूध पिऊन झालेल्या बाळाला आई खांद्यावर घेते, त्याच्या पाठीवरून हात फिरविते आणि ढेकराबरोबरच दुधाची गुळणी तिच्या पदरावर येते. तान्हे मूल असलेल्या घरात हे दृश्य नित्याचे असते. पहिले काही दिवस त्याचे कोणाला विशेष वाटत नाही. पुढे दिवसातून पाचसहा वेळा असे होऊ लागले म्हणजे मात्र घरातील मंडळी चिंतेत पडतात. "प्यायलेले सगळे बाहेरच येते, मग अंगी काय लागणार?" असे आजी विचारते. आईचे दूध बाळाला मानवत नाही, असा निष्कर्ष कोणी काढतो. कोणी दुधात पाणी घालावयास सांगतो. कोणी शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध सुचवितो.

ह्या सर्व सल्ल्यांत एक गोष्ट राहून जाते. बाळाचे वजन वाढत आहे की नाही, हे कोणी पाहिलेले नसते. गुळण्या टाकणाऱ्या बहुसंख्य बाळांना काहीही झालेले नसते. थोड्या बाळांना मात्र मदतीची खरोखर गरज असते. पदरावरच्या डागांवरून हा भेद ओळखता येत नाही. तो कसा ओळखावा, हेच येथे पाहावयाचे आहे.

दूध वर का येते?

तोंडातून जठराकडे अन्न नेणाऱ्या नळीला अन्ननलिका म्हणतात. ही नळी जठराला जेथे मिळते तेथे स्नायूंचे एक कडे असते. घोट खाली उतरताना ते सैल होते व एरवी आवळलेले राहते. जठरात साठलेली हवा ढेकराच्या रूपाने बाहेर पडावी म्हणूनही हे कडे अधूनमधून काही सेकंद सैल पडते. प्रौढ माणूस अशा वेळी बहुधा बसलेला वा उभा असतो. त्याच्या जठरातील अन्न तळाशी असते व वर येते ती केवळ हवा. शिवाय त्याची अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. थोडा द्रव वर चढला तरी तो वाटेतूनच परत फिरतो.

नवजात बाळाची स्थिती निराळी असते. त्याची अन्ननलिका जेमतेम १० सेंटिमीटरांची असते. त्याचा आहार सर्वस्वी द्रवरूप असतो आणि दिवसाचा बराचसा काळ ते आडवे असते. त्यातच हा आहार शरीराच्या मानाने फार मोठा असतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाला वजनाच्या दर किलोग्रॅममागे दिवसाकाठी सुमारे १५० मिलिलिटर दूध लागते. साठ किलोग्रॅम वजनाच्या माणसाने ह्या प्रमाणात दूध घ्यावयाचे ठरविले तर त्याला दिवसभरात नऊ लिटर प्यावे लागेल! मग कडे सैल पडताच हवेबरोबर दूधही वर आले तर त्यात नवल ते काय?

डॉक्टर ह्या क्रियेला 'रिफ्लक्स' म्हणतात. मराठीत तिला उलटा प्रवाह म्हणता येईल. ही ओकारी नव्हे. ओकारीत पोटाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात व बाळाला त्रास होतो. गुळणीत दूध विनासायास ओघळते आणि पुष्कळदा बाळ लगेच हसूही लागते.

हा प्रकार किती सार्वत्रिक आहे, ह्याची कल्पना १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून येते. अमेरिकेतील शिकागो परिसरात ९४८ निरोगी मुलांच्या पालकांकडे ही विचारपूस करण्यात आली होती. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळे दिवसातून निदान एकदा गुळणी टाकीत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण शेकडा ६७ पर्यंत चढले, सातव्या महिन्यात ते शेकडा २१ वर उतरले आणि दहा ते बारा महिन्यांच्या मुलांत ते शेकडा ५ इतकेच उरले. मूल बसू लागते, घट्ट अन्न खाऊ लागते, अन्ननलिका लांब होते आणि बहुतेक घरांतून ही तक्रार आपोआप नाहीशी होते.

डाग मोठा, दूध थोडे

बाहेर आलेले दूध डोळ्यांना नेहमी अधिक वाटते. ह्याची प्रचीती शाळेत किंवा घरी सहज घेता येईल. चहाच्या एका चमच्यात सुमारे ५ मिलिलिटर दूध मावते. ते सुती कापडावर ओतावे व थोड्या वेळाने डागाचा विस्तार पाहावा. एवढा डाग एका चमच्याने पडला, ह्यावर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही.

आता थोडे गणित करू. चार किलोग्रॅम वजनाचे बाळ दिवसाला सुमारे ६०० मिलिलिटर दूध पिते. आठ वेळा पाजले तर प्रत्येक वेळी ७५ मिलिलिटर होतात. दर वेळी चमचाभर दूध बाहेर आले, तर दिवसभरात ४० मिलिलिटर गेले. म्हणजे प्यायलेल्या दुधाचा केवळ पंधरावा हिस्सा. उरलेल्या दुधावर बाळ उत्तम वाढू शकते. पण हा हिशेब झाला सरासरीचा. प्रत्यक्ष बाळाच्या बाबतीत पोटात काय राहिले हे सांगणारे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे वजनकाटा.

काट्याची साक्ष

तान्ह्या मुलांचे नियमित वजन करून त्यांच्या पोषणावर लक्ष ठेवण्याची पद्धत जुनी आहे. पिएर ब्युदँ ह्या फ्रेंच डॉक्टराने १८९२ साली पॅरिसच्या शारिते रुग्णालयात तान्ह्या मुलांसाठी सल्लाकेंद्र उघडले. तेथे माता आपली बाळे नियमाने घेऊन येत, त्यांचे वजन होई व त्यानुसार आहाराचा सल्ला दिला जाई. पुढे १९५० नंतरच्या दशकात डेव्हिड मॉर्ले ह्या इंग्रज डॉक्टराने नायजेरियातील एका खेड्यात काम करीत असताना वजनाचा साधा आलेख तयार केला आणि तो आईच्याच हाती ठेवला. आपल्याकडील माता व बाल संरक्षण पत्रिकेत असतो तो आलेख ह्याच परंपरेतला होय.

ह्या आलेखावरील रेषा कोठून आल्या? जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ ह्या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली. भारतातील मोजमापे दक्षिण दिल्लीत घेण्यात आली. अंगावर पाजलेली व चांगल्या परिस्थितीत वाढणारी मुलेच त्यासाठी निवडली होती. अनुकूल परिस्थिती लाभली तर निरनिराळ्या देशांतील लहान मुले जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसून आले. ही मानके २००६ साली प्रसिद्ध झाली व पुढे भारतातील अंगणवाड्यांनीही ती स्वीकारली.

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या शेकडा दहापर्यंत असू शकते व सामान्यतः दोन आठवड्यांत ती भरून निघते. त्यानंतर पहिले तीन महिने वजन दररोज सरासरी २५ ते ३० ग्रॅमनी, तर पुढील तीन महिने १५ ते २० ग्रॅमनी वाढते. पहिल्या महिन्यात तर आहारातील शक्तीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग केवळ वाढीसाठीच खर्च होतो. म्हणूनच आहार अपुरा पडू लागला म्हणजे त्याचा परिणाम सर्वप्रथम वजनावर दिसतो. उंची व डोक्याचा घेर ह्यांवर तो मागाहून दिसतो.

दोन मुलींची कल्पना करू. पहिली जन्मतः २.८ किलोग्रॅमची होती. तिचे वजन पहिल्या महिन्याच्या अखेरीस ३.६, दुसऱ्याच्या ४.५ आणि तिसऱ्याच्या ५.२ किलोग्रॅम झाले. ती दिवसातून आठदहा वेळा गुळणी टाकते आणि घरची मंडळी तिच्यामुळे हवालदिल आहेत. दुसरी जन्मतः ३.३ किलोग्रॅमची, अधिक गुटगुटीत. तिचे वजन अनुक्रमे ४.२, ४.७ आणि ४.९ झाले. ती पूर्वी गुळण्या टाकीत असे. म्हणून घरच्यांनी तिचे दूध आवरते घेतले. आता गुळण्या थांबल्या आहेत आणि घरात समाधान आहे.

आलेखावर बिंदू जोडले असता काय दिसते? पहिलीची रेषा सरासरीच्या खालून, परंतु छापील रेषेला समांतर चढत जाते. ती मुळात लहान आहे, आजारी नाही. दुसरीची रेषा सरासरीच्या वरून निघून खाली वाकत जाते. तिसऱ्या महिन्यात तिचे वजन अवघे २०० ग्रॅमनी, म्हणजे दिवसाला सुमारे ७ ग्रॅमनी वाढले. तरीही तिचा बिंदू आलेखाच्या हिरव्या पट्ट्यातच आहे. केवळ रंग पाहणारा मनुष्य तिला निरोगी ठरवील. बिंदू कोठे आहे ह्यापेक्षा रेषा कोणीकडे चालली आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. तपासणीची गरज गुळण्या टाकणाऱ्या पहिलीला नसून शांत झालेल्या दुसरीला आहे.

वजन रेंगाळण्याची कारणे

दुसरीच्या उदाहरणात दोष गुळणीचा नव्हता; गुळणीच्या भीतीचा होता. आहार तोडणे हे वजन रेंगाळण्याचे एक नेहमीचे कारण होय. वरच्या दुधात पाणी घालणे किंवा दुधाची भुकटी सांगितल्याहून कमी घेणे हाही त्याचाच प्रकार. अर्धे दूध व अर्धे पाणी ह्या मिश्रणाने पोट तेवढेच भरते, गुळणीही तेवढीच येते. पोषण मात्र निम्मे होते. ह्याउलट बाटलीने पाजताना बाळाने मान फिरविल्यावरही बाटली रिती करण्याचा आग्रह धरला, तर जठर फाजील भरते व गुळण्या वाढतात.

अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाचे वजन वाढत नसेल तर डॉक्टर प्रथम पाजण्याची क्रिया प्रत्यक्ष पाहतात. बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात धरले असेल तर त्याला पुरेसे दूध मिळत नाही. स्तनाग्राभोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात गेला पाहिजे. बाळ नीट चोखीत आहे काय, गिळण्याचा आवाज येतो काय, दिवसातून सहा वा अधिक वेळा लंगोट ओले होते काय, हे पाहिल्याने अर्धा उलगडा होतो.

थोड्या बाळांत उलट्या प्रवाहाबरोबर वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिकेचा दाह होतो. असे बाळ भूक असूनही दूध नाकारते, पिताना पाठ ताणून रडते. त्याला बळेबळे पाजल्यास पिण्याचीच भीती बसते आणि गुंता वाढतो. काही बाळांना गाईच्या दुधातील प्रथिने सोसत नाहीत. त्यांची लक्षणे रिफ्लक्ससारखीच दिसतात. अशा वेळी डॉक्टर ते दूध दोन ते चार आठवडे पूर्णपणे बंद करून फरक पाहतात. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग किंवा हृदयाचा जन्मजात दोष ह्यांमुळेही वजन रेंगाळते. म्हणून 'रिफ्लक्स आहे' एवढे म्हणून थांबणे योग्य नव्हे.

घरी काय करावे?

अंगावर पाजणे बंद करू नये. एका वेळी थोडे व अधिक वेळा पाजावे. दिवसाचे एकूण दूध मात्र कमी होऊ देऊ नये. मधून ढेकर काढावा. पाजल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला उभे धरावे. झोपविताना ते सपाट, टणक अंथरुणावर उताणेच झोपवावे. डोक्याखाली उशी देणे किंवा पालथे झोपविणे ह्यांत गुदमरण्याचा धोका असतो. मध, घुटी, ग्राइप वॉटर ह्यांनी लहानसे पोट व्यर्थ भरते, आणि एक वर्षाच्या आत मध तर मुळीच देऊ नये. वजन शक्यतो एकाच काट्यावर, कपडे उतरवून करावे. रोज वजन करण्यात अर्थ नाही. चिंता असल्यास आठवड्याने करावे.

औषधांविषयी तारतम्य बाळगणे अवश्य आहे. आम्ल कमी करणारे औषध दूध वर येणे थांबवीत नाही. वर येणाऱ्या द्रवाचे आम्लत्व तेवढे कमी करते. अशा एका औषधाची १६२ बाळांवर केलेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्या बाळांपैकी शेकडा ५४ बाळांना बरे वाटले, आणि औषधासारखे दिसणारे निरुपद्रवी द्रव्य दिलेल्या बाळांतही हे प्रमाण शेकडा ५४ इतकेच होते. औषध घेणाऱ्या बाळांत श्वसनमार्गाचे विकार मात्र अधिक आढळले. अन्ननलिकेचा दाह ठरलेल्या बाळाला अशा औषधांचा उपयोग होतो. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा होय.

विलंब न करण्याची चिन्हे

ओकारी हिरव्या रंगाची असेल किंवा तीत रक्त असेल, पोट फुगले असेल, ताप असेल, बाळ मलूल असेल, टाळू फुगलेली वा खोल गेलेली असेल, लघवी कमी झाली असेल, वजन घटत असेल, किंवा सहा महिन्यांनंतर प्रथमच ओकाऱ्या सुरू झाल्या असतील, तर बाळाला त्वरित रुग्णालयात न्यावे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक पाजण्यानंतर दूध जोराने दूर उडू लागले आणि बाळ लगेच पुन्हा भुकेले झाले, तर जठराचे खालचे द्वार जाड स्नायूंनी अरुंद झाल्याचा संशय घ्यावा लागतो. एके काळी हा विकार बहुधा प्राणघातक ठरे. जर्मन शल्यचिकित्सक कोनराड रामस्टेट ह्यांनी त्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन १९१२ साली प्रसिद्ध केले. हा जाड स्नायू उभा चिरून द्वार मोकळे करण्याची ती रीत आजही वापरात आहे.

ह्या चिन्हांपैकी एकही नसेल, बाळ आनंदी असेल आणि वजनाची रेषा आपल्या वाटेने चढत असेल, तर कपडे बदलण्याचा त्रास तेवढा काही महिने सोसावयाचा असतो. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात जाताना वजनाची पत्रिका बरोबर न्यावी, नवा बिंदू आपल्यासमोर मांडून घ्यावा आणि तो मागील बिंदूला जोडून पाहावा. एवढे काम कोणत्याही आईला, वडिलांना, किंबहुना घरातील शाळकरी भावंडालाही करता येण्याजोगे आहे.