लॅपटॉप व टॅब्लेटची पारख

भंडारा जिल्ह्यातील धान उत्पादकाला आता बियाणे, खत व पाणी यांच्या जोडीला आणखी एका साधनावर विसंबून राहावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधीत उभे राहून, पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करावयाची, अशी पद्धत पडली. आधारभूत धान खरेदी केंद्रावर नाव नोंदविताना हीच पीकनोंद पाहिली जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाचा आधारभूत दर क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आला. नोंद नसेल तर या दराने धान विकण्याची वाट अडते व व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. नोंदीची मुदत ठरलेली असते. नेमक्या त्या मुदतीत यंत्र बंद पडले, तर वर्षभराच्या कष्टाला बाध येतो.

पुष्कळांचे काम मोबाईलवर भागते. परंतु शेतकरी गट, सहकारी संस्था व गावपातळीवरील कार्यकर्ते यांना अनेकांच्या नोंदी, महाडीबीटीवरील अर्ज व हिशेब पाहावयाचे असल्याने टॅब्लेट किंवा लॅपटॉप घेण्याची गरज भासते. खरेदीच्या वेळी दुकानात जे दिसते ते मात्र बहुधा फसवे असते. यंत्र थंड, सावलीच्या खोलीत व विजेला जोडून ठेवलेले असते. गिऱ्हाइकाचे लक्ष त्याच्या पातळपणाकडे, रंगाकडे व सोबत मिळणाऱ्या पिशवीकडे वेधले जाते. बियाण्याची थैली कितीही रंगीत असली तरी जाणता शेतकरी उगवणशक्तीचा आकडा वाचल्यावाचून ती घेत नाही. येथेही तोच बाणा हवा.

आकाश टॅब्लेटचा अनुभव

केवळ स्वस्ताईकडे पाहून चालत नाही, याचे ठळक उदाहरण आपल्याच देशात घडले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते ‘आकाश’ टॅब्लेटचे उद्घाटन झाले. डेटाविंड या कंपनीने बनविलेले हे सात इंची यंत्र शासनाला सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडणार होते. विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या या योजनेचा गाजावाजा मोठा झाला आणि बाजारात येणाऱ्या त्याच जातीच्या यंत्रासाठी लाखो लोकांनी आगाऊ मागणी नोंदविली. प्रत्यक्ष वापरात मात्र यंत्र मंद चाले, बॅटरी लवकर उतरे, आणि पडद्यावर बोट जोराने दाबल्याखेरीज आज्ञा उमटत नसे. पाऊस, धक्के व पडझड सोसण्याच्या कसोट्या किती कडक असाव्यात, यावरून राजस्थानची तंत्रज्ञान संस्था व उत्पादक यांच्यात वाद झाला. २०१२ साली हे काम मुंबईच्या आय.आय.टी.कडे आले. तेथील प्राध्यापक दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली सुधारलेले ‘आकाश-२’ ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते पुढे आले. पहिल्या यंत्राचा प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्‌झचा होता, दुसऱ्याचा एक गिगाहर्ट्‌झचा. पडदाही हलक्या स्पर्शाने चालणारा होता. सुधारणा खरी होती, पण पुरवठा रेंगाळला आणि ज्या प्रमाणात ही यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती पडावयाची होती त्या प्रमाणात ती कधीच पडली नाहीत. लाखोंनी मागणी नोंदविली तेव्हा त्यांच्यापुढे किमतीखेरीज दुसरे काही नव्हते. टिकाऊपणाची परीक्षा मागाहून झाली.

येथील हवामानाची कसोटी

टॅब्लेट व लॅपटॉप ० ते ३५ अंश सेल्सियस तापमानात वापरावेत, अशी सूचना पुष्कळ उत्पादक देतात. भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखाली किंवा बंद मोटारीत तो त्याहूनही चढतो. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी झपाट्याने म्हातारी होते. ती पूर्ण भरून उन्हात पडली, तर हानी अधिक. यासाठी यंत्र माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, परंतु ओलाव्यापासून दूर ठेवावे आणि रोजच्या कामात बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. भरीत असता यंत्र उशीवर किंवा गादीवर ठेवणे चुकीचे आहे, कारण आतील उष्णतेला बाहेर पडावयास वाव राहत नाही.

उन्हानंतर धुळीचा क्रम लागतो. राईस मिलच्या परिसरात कोंड्याची बारीक धूळ हवेत तरंगत असते. पंखा असलेल्या लॅपटॉपमध्ये ही धूळ हवेच्या वाटा बुजविते. यंत्र तापते, मंदावते व अखेर आपोआप बंद पडते. मिलच्या किंवा खरेदी केंद्राच्या कामासाठी शक्यतो बिनपंख्याचे यंत्र घ्यावे. ते जड कामाला थोडे कमी पडते, परंतु नोंदी व हिशेब यांना पुरे होते.

पाण्याच्या बाबतीत उत्पादक ‘आय.पी.’ असा अंक देतात. त्यातील पहिला आकडा धुळीपासून व दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. ज्या यंत्राला असा अंकच नाही, ते रोवणीच्या दिवसांत प्लॅस्टिकच्या आवरणाखेरीज बांधीवर नेऊ नये. ‘मिलिटरी दर्जाचे’ हा शब्द जाहिरातीत वारंवार आढळतो. तो अमेरिकन सैन्याच्या ८१० क्रमांकाच्या कसोट्यांना उद्देशून असतो. पण त्या मालिकेतील कोणत्या कसोट्या घ्यावयाच्या हे उत्पादक स्वतः ठरवितो. त्यामुळे केवळ शिक्का पाहून समाधान मानू नये, कोणत्या कसोट्या घेतल्या ते विचारावे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अशा यंत्रांना सक्तीची आहे. तिचा संबंध मुख्यतः विजेच्या व आगीच्या धोक्यापासून सुरक्षिततेशी येतो. यंत्र किती वर्षे टिकेल, हे ती सांगत नाही.

काय पाहून घ्यावे

शेतात न्यावयाच्या टॅब्लेटमध्ये सिम कार्डाची सोय व जी.पी.एस. आहे ना, हे सर्वांत आधी विचारावे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या काही टॅब्लेटमध्ये जी.पी.एस. नसते. असा टॅब्लेट कितीही देखणा असला तरी शेताचे नेमके ठिकाण टिपू शकत नाही, व पीक पाहणीला तो निरुपयोगी ठरतो. पडद्याची चमक ‘निट’ या मापात देतात. २५० ते ३०० निटांचा पडदा भर उन्हात वाचता येत नाही. ५०० किंवा त्याहून अधिक असावी. यंत्र विकत घेण्यापूर्वी ते दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावे. दुकानदाराने नकार दिल्यास दुकान बदलावे.

लॅपटॉपमध्ये साठवणीसाठी एस.एस.डी. आहे की ई.एम.एम.सी., याची चौकशी करावी. दुसरा प्रकार स्वस्त यंत्रांत आढळतो. तो मंद असून मुख्य पट्टीलाच जोडलेला असल्याने पुढे बदलता येत नाही. रॅम आठ जी.बी.हून कमी घेऊ नये.

जुन्या, दुरुस्त केलेल्या यंत्रांच्या विक्रीत एक मेख आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या लॅपटॉपवर विंडोज ११ चढत नाही, असे लॅपटॉप आता मातीमोलाने विकले जातात. बँकेचे व्यवहार ज्यावर करावयाचे, त्या यंत्राला सुरक्षिततेच्या सुधारणा मिळत नसतील तर ती स्वस्ताई महागात पडते. टॅब्लेटच्या बाबतीतही किती वर्षे सुधारणा मिळतील, हे कंपनीकडून लेखी पाहावे.

दुरुस्तीची सोय हा भाग बहुतेक गिऱ्हाईक विसरते. लाखांदूर किंवा पवनीच्या शेतकऱ्याला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रासाठी नागपूर गाठावे लागत असेल, तर दोन दिवसांची मजुरी व प्रवासखर्च किमतीत धरावा. घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे काय, ते खरेदीपूर्वीच विचारावे. पडून फुटणे व पाणी शिरणे यांना साधारण हमी लागू होत नाही.

खरेदीची पावती यंत्राच्या अनुक्रमांकासह घ्यावी व तिचे छायाचित्र घरच्या दुसऱ्या मोबाईलवर ठेवावे. विक्रेता व कंपनी दाद देत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने न भागल्यास भंडारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.